फटीएवढं दार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या पायाशी बसून शिकलो त्या गुरूंना नाही, आणि ज्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं पश्चात्तापावरचे उतारे शिकवत आलो त्यांना तर नाहीच. शारजातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला एक भिंग होतं. सणाच्या संध्याकाळी बेल वाजली आणि बाबांनी मला कोण आहे ते बघायला पाठवलं. भिंगातून मला समोरच्या झुबेदाचाची दिसल्या. अगदी स्पष्ट दिसल्या. मी टेबलापाशी परत आलो आणि म्हणालो, "कोणी नाही."

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागेकडे आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत. शारजात मात्र आम्ही नुसतेच मराठी होतो. बाबांचं घरातलं नाव शमुवेल, पासपोर्टावरचं शाम. आडनाव गावावरून, शेवटी 'कर'. तेवढ्यावर लोक आम्हाला हिंदू समजत आणि बाबा समजू देत. मी घरात दानियल होतो आणि शाळेत दिनेश. बाबा एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तेव्हा तिकडे सुट्टी शुक्रवारची असे, शनिवारी ऑफिस. दर शनिवारी सकाळी बूट घालताना बाबा एकच वाक्य म्हणायचे, "चला, शनवारतेल्याचा पोरगा निघाला घाण्यावर." आई हसायची नाही.

आमच्या घराला आवाजाचे नियम होते. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना म्हणायची ती बाथरूमचा नळ सोडून किंवा टीव्ही लावून. दाराच्या चौकटीवर लावायची पवित्र वचनांची डबी आतल्या बाजूला, एका ग्रोसरीच्या कॅलेंडरमागे होती. बाहेर जाताना बाबा कॅलेंडरावरची तारीख बघितल्यासारखं करून तिला बोट लावत. प्रार्थनेला लागणाऱ्या द्राक्षरसाऐवजी आई काळे मनुके भिजत घालायची, रात्रभर, आणि सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायची. आमच्याकडे कोकणातही तसंच करतात, पण तिथे ते वाडगं ओट्यावर असायचं, इथे कपाटात. आजही कुठे भिजलेल्या मनुक्यांचा वास आला की माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो.

समोरच्या दारात हुसेनचाचा आणि झुबेदाचाची. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. चाचा इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. संध्याकाळी जिना चढून आले की त्यांच्या आधी लोखंडाचा आणि ग्रीसचा वास वर यायचा. त्यांची सलमा माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. ईदेला चाचींकडून सांदणं यायची, गूळ-खोबऱ्याचा वास येणारी, मऊसूत. मटण-चिकन मात्र आई परत पाठवायची, "आम्ही फक्त मासे खातो हो," म्हणून. आमच्या पद्धतीनं न कापलेलं मटण आम्हाला चालत नाही, आणि कोलंबीसारखी खवले नसलेली मासळीही. चाचा शुक्रवारी सकाळी मासळी बाजारातून येत तेव्हा आमच्या दारातच पिशवी उघडत.

"शामभाऊ, पापलेट बगा. वीस दिरहम किलो! म्हंजे दीडशे रुपये. एवढ्यात श्रीवर्धनला होडी येईल."

"होडी नाही येणार, चाचा. वल्हं येईल."

"आन ही कोलंबी. घ्या की."

"नको. मला खाज सुटते."

"वैनींना द्या."

"तिलाही सुटते."

"आन दिनूला?"

"त्यालाही."

चाचा पिशवीचं तोंड आवळत म्हणायचे, "अख्ख्या खानदानाला खाज! कोकणातला मानूस आन कोलंबी खात नाय. डाक्टरला तरी दाखवा." आणि मोठ्यानं हसायचे. बाबाही हसायचे. मीही. ते हसणं कशाचं होतं ते समजायला मला पस्तीस वर्षं लागली.

सण म्हणजे आमच्या पूर्वजांच्या मिसरातून, इजिप्तातून, सुटकेचा सण. आमच्या जुन्या बायका त्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत, आंबवणाचं मडकं झाकून ठेवायचा सण. त्या आठवड्यात घरात खमीर नको, आंबट नको. आई कपाटं उलटीपालटी करून पुसायची, बिनखमिराच्या रोट्या पातळ लाटायची, खजूर शिजवून त्याचा दाट पाक करायची. खजुराची तिथे काय कमतरता! तेवढ्या एका गोष्टीत आम्ही कोकणातल्या नातेवाइकांपेक्षा श्रीमंत होतो. संध्याकाळी पडदे ओढायचे, बाहेरच्या खोलीत टीव्ही लावायचा, आणि आतल्या खोलीत टेबलाभोवती तिघांनी बसायचं.

त्या संध्याकाळी सुरुवातीलाच एक ओळ म्हणतात. बाकीची पोथी हिब्रूत, ही ओळ तेवढी अरमाई या हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेत. अर्थ साधा आहे: भुकेल्यानं आत येऊन जेवावं, गरजवंतानं आत येऊन सणाला बसावं. माझ्या आजोबांच्या घरात ती दार उघडून म्हणायची पद्धत होती. शारजात बाबा ती पद्धत अशी पाळत: उठून बाहेरच्या दारापाशी जात, साखळी तशीच ठेवून कडी काढत, दार चार बोटं उघडत, त्या फटीतून जिन्याकडे तोंड करून ओळ पुटपुटत, आणि दार लावून परत येत. मी लहानपणी विचारलं होतं, ही एकच ओळ वेगळ्या भाषेत का? बाबा म्हणाले, "बाकीचं देवाला सांगायचंय. हे दारातल्या माणसाला. त्याला कळेल अशा भाषेत नको का? तेव्हा बाजारात हीच भाषा बोलत." अरमाईचा अभ्यास करण्यात माझा जन्म गेला. त्या ओळीबद्दल विद्वानांची पाच-सहा मतं आहेत, दोन माझीही आहेत. बाबांच्या उत्तरापुढे मला त्यांतलं एकही टिकलेलं दिसत नाही.

त्या वर्षी टीव्हीवर रोज लढाईच्या बातम्या होत्या. बाबांच्या ऑफिसात एकाने गमतीत विचारलं होतं, "शाम, तू मराठी म्हणजे नक्की कुठला? ब्राह्मण की दुसरं काही?" आणि बाबांना रात्रभर झोप लागली नव्हती. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांनी यहुद्यांवर एक घाणेरडा विनोद केला तेव्हा मी हसलो होतो, सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच. सणाच्या संध्याकाळी बाबा दाराकडे जायला उठले तशी आई म्हणाली, "अहो, यंदा दार नाही उघडायचं."

"मग ओळ कशी म्हणायची?"

"मनात म्हणा."

"जेवायला या असं मनातल्या मनात बोलावतात का कोणाला?"

"इथे कोण येणार आहे जेवायला? आणि कोणी आलंच, तर टेबलावर काय काय मांडलंय ते बघेल. एका दिवसात व्हिसा कॅन्सल. खलास! मग या पोराला घेऊन कुठे जायचं?"

बाबा उभे होते, पोथी हातात, बोट पानात. मग बसले. बंद दाराआड, टेबलाकडे बघत त्यांनी ती ओळ म्हटली. इतकी हळू की मला फक्त ओठ हललेले दिसले.

आणि बेल वाजली.

आमची बेल चिमणीच्या चिवचिवाटाची होती, तेव्हा सगळ्यांकडे असायची तशी. आईनं आधी मनुक्यांच्या रसाचा पेला टेबलाखाली घेतला, नंतर रोट्यांवर फडकं टाकलं. बाबांनी मला मानेनं खूण केली: जा, नुसतं बघ, उघडू नको.

मी अनवाणी गेलो. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. भिंगाला डोळा लावला. चाची होत्या. त्यांचं डोकं उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचे केस कधी पाहिले नव्हते. ते पांढरे होते हे मला तेव्हा कळलं. एक हात आमच्या दारावर सपाट टेकलेला, दुसरा आपल्या उघड्या दाराकडे. "शामभाऊ," त्या म्हणत होत्या, "शामभाऊ, गाडी काढा, ह्यांना काय तरी होतंय, तोंड वाकडं झालंय." त्या मजल्यावर गाडी एकट्या बाबांकडे होती. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. आतल्या खोलीत टीव्हीमुळे शब्द कळत नव्हते हेही मला माहीत होतं.

"कोणी नाही," मी परत येऊन म्हणालो.

बेल पुन्हा वाजली. दोनदा. बाबा अर्धवट उठले. "परत? चाचींचा आवाज वाटला मला."

"टीव्ही आहे, बाबा. खालची पोरं बेल वाजवून पळतात. मी जिन्यात बघितली त्यांना."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असं मला म्हणता येईल, आणि ऐकणारा मानही डोलवेल. दुसऱ्या वेळी मी विचार करून बोललो. जिन्यातली पोरं मी रचली. भिंगापासून टेबलापर्यंतच्या चालीत मी तोलून पाहिलं होतं: एकीकडे चाचींचं उघडं डोकं, दुसरीकडे ते टेबल आणि शाळेतलं माझं दिनेश हे नाव. आणि माझं मी ठरवलं होतं. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या धर्मात तेरा पूर्ण झाले की माणूस आपल्या कर्माला आपण जबाबदार असतो. हे मी आता इतरांच्या मुलांना शिकवतो. हेही शिकवतो की जीव वाचवायचा असेल तर सण मोडायचाच असतो, गाडी काढायचीच असते, विचारायलाही थांबायचं नसतं. बाबांना ते माहीत होतं. त्यांना कळलं असतं तर ते टेबल तसंच टाकून, चपलाही न घालता खाली धावले असते. म्हणूनच तर मी त्यांना कळू दिलं नाही.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांत लहानानं ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. ते मी विचारले. आवाज जराही कापला नाही. बाबा म्हणाले, "यंदा उच्चार छान केलेस."

सकाळी वॉचमननं सांगितलं. चाची चार मजले उतरून अनवाणी रस्त्यावर धावल्या होत्या, बऱ्याच वेळानं एका भाजीच्या पिकअपवाल्यानं गाडी थांबवली, दोघातिघांनी चाचांना मागच्या क्रेट्समध्ये झोपवून नेलं. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाबा तसेच हॉस्पिटलात निघाले आणि मला बरोबर घेऊन गेले. कॉरिडॉरमध्ये चाची प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. सलमानं आपली ओढणी त्यांच्या डोक्यावर घातली होती. चाचींनी मान वर केली.

"शामभाऊ, मी तुमची बेल वाजवली. तुमी घरात नव्हता काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक एका श्वासाएवढंच. पण त्यात त्यांना जिन्यातली पोरं कळली, टीव्ही कळला, सगळं कळलं. मग ते चाचींकडे वळले. "नाही, चाची. बाहेर गेलो होतो आम्ही. जेवायला."

आमची गाडी रात्रभर बिल्डिंगखाली उभी होती. चाची तिच्या शेजारून धावत गेल्या होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "असंल."

बाबा या विषयावर माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत आणि पुढे मरेपर्यंत बोलले नाहीत. मला वाटायचं, मारतील. मारावं असंही वाटायचं. ते फक्त रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर समोर जाऊन चाचांचे पाय चोळत बसायचे आणि मला गरम पाण्याचं पातेलं आणायला सांगायचे. चाचांना एकच शब्द उरला होता. यल्ला, अरबीतलं 'चला'. पाणी हवं असलं तरी यल्ला, टीव्ही बंद कर म्हणायचं तरी यल्ला, सलमा कॉलेजातून आली की यल्ला, यल्ला. माझं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून माझ्या डोळ्यांत बघत तोच शब्द म्हणायचे. मी हसून म्हणायचो, "हो चाचा, यल्ला." त्यांना मला काय सांगायचं होतं कोण जाणे. कदाचित काहीच नसेल. वेळेत नेलं असतं तर वाचा राहिली असती का, हे मी पुढे आयुष्यात अनेक डॉक्टरांना विचारू शकलो असतो. माझा मेहुणा न्यूरॉलॉजिस्ट आहे. मी विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी सण आला तेव्हा आईनं अडवलं नाही. बाबा दारापाशी गेले, साखळी काढली आणि दार पुरतं उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत. जिन्यातला दिवा सरळ आमच्या घरात आला. त्यांनी पोथी माझ्या हातात दिली. "तू म्हण."

"मी?"

"यापुढे ही ओळ तूच म्हणायची. मोठ्यानं."

मी उंबऱ्यात उभा राहून ती म्हटली. समोरचं दार बंद होतं. त्यामागून चाचांचा आवाज आला, "यल्ला."

बाबांनी ती ओळ पुन्हा कधीच म्हटली नाही. लोक मला विचारतात, कोकणातल्या मुलाला अरमाईची गोडी कशी लागली? मी सभेत सांगायला एक उत्तर तयार ठेवलं आहे. आजोबांची जुनी पोथी, पिवळी पानं, वगैरे. खरं असं की एक ओळ माझ्या गळ्यात अडकली होती आणि मला वाटलं, तिचं व्याकरण पुरतं शिकलो तर ती खाली उतरेल.

आता काळ बदललाय. या वर्षी मला रब्बी म्हणून, म्हणजे यहुदी धर्मगुरू म्हणून, दुबईत सणाचं जेवण चालवायला बोलावलं होतं. हॉटेलचा मोठा हॉल, गोल टेबलं, झुंबरं, दारावर मेटल डिटेक्टर आणि चार गार्ड. यादीत नाव असेल त्यालाच आत सोडत होते. त्या हॉलमध्ये उभा राहून मी ती ओळ म्हटली आणि मग लहानपणाबद्दल बोललो: शारजातलं लपूनछपून जगणं, समोरचे कोकणी मुसलमान शेजारी, सांदणं, पापलेट, चाचांची थट्टा. किती प्रेमळ माणसं होती, म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं डोळे पुसले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फोनांवरून फिरला आणि आठवड्याभरात मला सलमाचा फोन आला. "दिनू? अम्मी विचारते, हा आपलाच दिनू ना?"

चाचा केव्हाच श्रीवर्धनच्या मातीत गेले. चाची आता सलमाकडे, शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनला असतात. टॅक्सीनं जाताना शारजाचा इंडस्ट्रियल एरिया लागला. चाचांचं वर्कशॉप कुठल्या गल्लीत होतं ते मला ओळखता आलं नाही. सलमाच्या मुलानं दार उघडलं आणि आत ओरडला, "नानी, युअर रब्बी इज हिअर!" चाची खिडकीपाशी बसल्या होत्या, खाडीकडे तोंड करून. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघून हसल्या.

"आता उगड-उगड घालतोस व्हय. बरं दिसतं." मग म्हणाल्या, "तुजं खरं नाव दानियल ना रं? तुजी आई हाक मारायची, भिंतीतून ऐकू यायचं."

"तुम्हाला माहीत होतं, चाची?"

"येड्या, आमी श्रीवर्धनचे. तिकडं शनवारतेली काय कमी होते? कोलंबी खात नाय, शनवारी तोंड पाडून कामावर जातो, आन वर्साला एकदा दार फटीएवढं उगडून जिन्याला काय तरी पुटपुटतो. तुजे चाचा बोलायचे, झुबेदा, टीवी बारीक कर, शामभाऊंचा सण हाय." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "म्हनून तर त्या सांजेला मी दुसरीकडं गेली नाय. त्या सांजेला तुमी घरातच असनार हे मला म्हाईत होतं."

सलमानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अम्मी, जाऊ दे ना आता."

"जाऊ देतेच हाय. पन ह्याला सांगते. दाराच्या भिंगात उजेड होता. मग काळोख झाला. मग परत उजेड." त्यांनी एक डोळा मिटून दाखवला. "शामभाऊंनी मला बगितलं आन दार नाय उगडलं. पुढं पाय चोळत बसायचे ह्यांचे, मी काय बोलली नाय. समजत होती, घाबरला असंल मानूस. माफ कर म्हनून नमाजात लई वेळा सांगितलं मनाला. नाय जमलं. शामभाऊ मेल्याचं कळलं तेव्हाबी नाय जमलं. तुज्या बापाबद्दल बोलते, राग नको मानू."

मी तोंड उघडलं. नक्की उघडलं, मला आठवतं. तेवढ्यात त्यांचा नातू खजुराची ताटली घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल, प्लीज टेक," आणि मी एक खजूर घेतला. मग दुसरा. मग मी टॅक्सी थांबलीय म्हणालो. चाचींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुढल्या टायमाला जेवून जायचं."

सलमाला मराठी वाचता येतं. हे पान तिच्या हाती पडण्याआधी मला पुन्हा उम्म अल कुवैनला जायचं आहे, बेल वाजवायची आहे आणि खजूर घ्यायच्या आधी बोलायचं आहे. चाचींचं मी देणं लागतो ते एवढंच, आणि बाबांचंही तेच: भिंगामागे शामभाऊ नव्हते. मी होतो.